मिनी पीसीची सिस्टिम डिस्क बदलताय? क्लोननंतर दोन्ही डिस्क जोडून मशीन सुरू करू नका

बऱ्याच मिनी पीसीत एम.२ चा, म्हणजे पट्टीसारखी छोटी डिस्क बसते त्या प्रकारचा, एकच स्लॉट असतो. म्हणून जुनी डिस्क आत आणि नवी यूएसबी अडॅप्टरवर बाहेर ठेवूनच क्लोन, म्हणजे जुनीची नव्या डिस्कवर हुबेहूब प्रत, करावा लागतो. हे काम घरी जमण्यासारखं आहे, आमच्याकडून डिस्क आणि अडॅप्टर नेणारे बरेच ग्राहक ते नीट करतातही. जे मशीन घेऊन परत येतात, त्यांचाही क्लोन बहुतेक वेळा व्यवस्थित झालेला असतो. घोटाळा होतो तो त्यानंतरच्या पाच मिनिटांत.

आधी अडॅप्टरचं. एम.२ डिस्क दिसायला सारखीच, पण संगणकाशी बोलण्याच्या पद्धतीवरून ती एनव्हीएमई असते किंवा साटा. अडॅप्टर फक्त एनव्हीएमई ओळखणारा असेल तर साटा डिस्क त्यात बसते, पण संगणकाला दिसत नाही, आणि नवी डिस्कच खराब निघाली असं वाटतं. डिस्कच्या टोकाच्या खाचा मोजून अंदाज बांधता येतो (साटाला बहुधा दोन, एनव्हीएमईला एक), पण काही एनव्हीएमई डिस्कनाही दोन खाचा असतात. म्हणून आम्ही लेबलचा फोटो मागतो आणि तो बघूनच अडॅप्टर देतो. पुढे पुन्हा डिस्क बदलायची शक्यता असेल तर दोन्ही प्रकार ओळखणारा अडॅप्टर घ्या, असं आम्ही सुचवतो.

जुनी डिस्क ५१२ जीबीची आणि नवी ५०० ची असेल तर सरळ क्लोन होत नाही, आधी पार्टिशन (डिस्कचा आखून दिलेला भाग) लहान करावं लागतं. अडॅप्टर यूएसबी ३.० किंवा त्यापुढच्या पोर्टला लावा. २.० च्या पोर्टवर ५०० जीबीला तीन-चार तास सहज जातात. विंडोज असेल तर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) सुरू आहे का ते बघा, कित्येक मशीनवर ते मालकाच्या नकळत सुरू झालेलं असतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती आमच्याकडे नसते आणि आम्हाला काढूनही देता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. क्लोन शंभर टक्के झाला की पुष्कळजण नवी डिस्क यूएसबीवर तशीच ठेवून मशीन रीस्टार्ट करतात, ‘चालते का बघू, मग आत बसवू’ म्हणून. काहीजण नवी आत बसवतात आणि जुनी लगेच अडॅप्टरवर लावून मशीन सुरू करतात. दोन्ही करू नका.

क्लोनमध्ये फायलींबरोबर डिस्कचा आणि पार्टिशनचा ओळख क्रमांकही जसाच्या तसा उतरतो. एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज त्यातली एक ऑफलाइन, म्हणजे वापराबाहेर, ठेवते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये हे दिसतं, आणि ग्राहक उजवं क्लिक करून ‘ऑनलाइन’ निवडतो. तिथेच काम बिघडतं. विंडोज त्या डिस्कला नवा क्रमांक देऊन टाकते, बूटची नोंद (मशीन सुरू होताना विंडोज कुठे आहे ते सांगणारी) मात्र जुनाच क्रमांक शोधत राहते. डिस्क आत बसवली की निळा पडदा येतो, आवश्यक डिव्हाइस सापडत नाही म्हणून. डेटा सगळा जागेवर असतो, पण मशीन सुरू होत नाही. नोंद दुरुस्त करता येते, पण तुमचा दिवस जातो.

मुळात यूएसबीवरून सुरू करून बघण्यात काही हशील नाही. नेहमीची विंडोज त्यासाठी बनवलेलीच नाही. ती सुरू झाली नाही म्हणजे क्लोन फसला, असं अजिबात नाही.

लिनक्सवर प्रकार आणखी फसवा. बूट नव्या डिस्कवरून होतं, पण यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) एकच असल्यामुळे रूट पार्टिशन, म्हणजे जिथे सिस्टिम असते ते, जुन्या डिस्कचं जोडलं जाऊ शकतं. सगळं सुरळीत दिसतं, चार दिवस काम होतं, मग जुनी डिस्क काढली की ते चार दिवस नव्या डिस्कवर नसतातच. डिस्कवर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर डेटा खराब होण्याचीही भीती आहे.

क्लोन झाला की शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही. पॉवरची पिन काढा. जुनी डिस्क काढून तिच्यावर ‘जुनी’ अशी चिठ्ठी लावा आणि मशीनपासून लांब ठेवा. नवी डिस्क स्लॉटमध्ये तिरकी घालून खाली दाबा, स्क्रू हलक्या हाताने आवळा. उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी जुन्या डिस्कला चिकटून आली असेल तर ती नवीवर लावा. पहिल्यांदा सुरू करताना यूएसबीला फक्त कीबोर्ड आणि माउस. सी ड्राइव्ह अजून जुन्याच आकाराचा दिसला तर घाबरू नका, बहुधा मध्ये रिकव्हरी पार्टिशन असतं. ते हलवलं की जागा मिळते.

आम्ही क्लोन करून देतो तेव्हा जुनी डिस्क फॉर्मॅट करत नाही, कोणी आग्रह केला तरी. ती पाकिटात घालून परत देतो आणि महिनाभर तशीच ठेवा म्हणतो. नव्या डिस्कमध्ये काही दोष निघाला तर तीच परत बसवून मशीन लगेच चालू करता येतं. त्या महिन्यात ती कुठल्याही विंडोज मशीनला जोडून ‘ऑनलाइन’ करू नका.

निळा पडदा आलाच असेल तर पुन्हा क्लोन करत बसू नका. दोन्ही डिस्क, मशीनचा चार्जर आणि रिकव्हरी की घेऊन या. डिस्क आमच्याकडून घेतलेली असेल तर बूटची नोंद आम्ही त्याच खरेदीत दुरुस्त करून देतो.