त्रास जास्त म्हणजे औषध जास्त लागू?

‘केमोचा त्रास जितका जास्त, तितकं औषध लागू पडतंय, काहीच झालं नाही तर औषध वाया गेलं.’ स्तनाच्या कर्करोगाबद्दल हा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. तसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण ते खरं नाही.

केमोची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, तशाच केसांच्या मुळातल्या, तोंडाच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्याही. म्हणून केस गळतात, तोंड येतं. हा फटका निरोगी पेशींना बसलेला असतो. गाठीचं काय झालं ते त्यावरून ठरवता येत नाही. शस्त्रक्रियेआधी केमो चालू असेल तर ते तपासणीतून, सोनोग्राफी किंवा एमआरआयमधून कळतं आणि पुढे पॅथॉलॉजीच्या अहवालातून. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘गाठ किती लहान झाली?’ गाठ आधीच काढली असेल तर मोजायला काही उरलेलं नसतं, तिथे त्रासावरून अंदाज बांधणं आणखीच निरर्थक.

खरी काळजी वाटते ती या समजुतीपायी गप्प बसणाऱ्यांची. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने बोटं बधिर होऊ शकतात. डॉक्टरांच्या नोंदीत ते ‘सौम्य’ असतं, पण उपचार घेणाऱ्या बाईला शर्टाचं बटण लावता येत नसतं. हे तिने सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? वेळीच कळलं तर डोस किंवा वेळापत्रक बदलता येतं. मळमळीवरच्या गोळ्यांनी केमोचा परिणाम कमी होत नाही, त्या जरूर घ्याव्यात. आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर मध्यरात्र असली तरी लगेच फोन करा.