‘आपला दवाखाना’ म्हणजे फॅमिली डॉक्टर नव्हे

“घराजवळ आपला दवाखाना झालाय, मग फॅमिली डॉक्टर कशाला हवा?” सोसायटीच्या बैठकीत, लोकलच्या डब्यात, अगदी आरोग्यावरच्या चर्चेतसुद्धा हा प्रश्न सारखा कानावर पडतो आणि दर वेळी माझी चिडचिड होते. मुंबई महापालिकेचे हे मोफत दवाखाने नोव्हेंबर २०२२ पासून सुरू झाले. ते हवेच होते, आणखीही हवेत. पण त्यांनी फॅमिली डॉक्टरची जागा भरून निघाली, हे खरं नाही.

फॅमिली डॉक्टर काय असतो, हे लालबाग-परळला वाढलेल्यांना सांगायला नको. फी, वेळ, जागा हे दोघांतले फरकही किरकोळ आहेत. आपला दवाखाना सकाळी ७ ते दुपारी २ आणि ३ ते रात्री १० उघडा असतो. तपासणी, औषधं आणि १४७ चाचण्या फुकट. काही दवाखाने पोर्टा केबिनमध्ये, म्हणजे आयत्या आणून ठेवलेल्या खोल्यांमध्ये आहेत म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. केबिनमध्ये आजाराचं निदान काही वेगळं होत नाही.

खरा प्रश्न एवढाच, की तुम्हाला ओळखणारा डॉक्टर कुठे भेटतो?

समजा, साठीच्या एक बाई आहेत. बीपी आहे, गुडघे दुखतात. सकाळच्या पाळीतले डॉक्टर बीपीची गोळी देतात. पंधरा दिवसांनी त्या संध्याकाळी जातात. तिथले दुसरे डॉक्टर गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही दुखणं थांबवणारी गोळी देतात. या गोळीने बीपी वाढू शकतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. पुढच्या महिन्यात तिसरे डॉक्टर वाढलेलं बीपी बघून त्याचीच गोळी वाढवतात. तिघंही एमबीबीएस, तिघांनीही समोर दिसलं त्यावर उपचार केले. पण बाईंची सगळी कहाणी एकाच्याही डोक्यात नाही. त्या मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन फिरतात आणि त्यातला नेमका कागद घरी राहिलेला असतो. नेहमीचे डॉक्टर असते, तर गोळी वाढवण्याआधी त्यांनी विचारलं असतं, “गुडघ्याला काय घेताय सध्या?”

हे जुन्या दिवसांचं हळवेपण नाही. नॉर्वेने २००१ मध्ये सरकारी व्यवस्थेतच प्रत्येक माणसाला नावानिशी ठरलेला डॉक्टर दिला. पुढे तिथल्या लाखो रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांमध्ये तातडीने इस्पितळात दाखल होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण, डॉक्टर नुकताच बदललेल्यांच्या तुलनेत, सुमारे पाव हिश्शाने कमी दिसलं. उलट इंग्लंडमध्ये सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून त्याच दिवशीची वेळ मिळवायची धडपड चालते, आणि मिळते ती हाती लागेल त्या डॉक्टरची. भेट लवकर मिळणं आणि ओळखीच्या डॉक्टरची भेट मिळणं या दोन गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या मागे धावताना दुसरी सुटते.

मुंबईतही आपण किती दवाखाने उघडले आणि किती लाख रुग्ण तपासले, एवढंच मोजतो. किती रुग्णांना दुसऱ्या खेपेला तोच डॉक्टर भेटला, हे कुणी विचारत नाही. डॉक्टर कंत्राटावर, बरी नोकरी मिळाली की ते जाणार, त्यात त्यांचा दोष काय? माझं ठाम मत आहे, की नवा दवाखाना उघडण्याआधी आहे त्या दवाखान्यातला डॉक्टर टिकवावा. कायम नेमणूक द्यावी आणि ठरावीक चाळी, ठरावीक गल्ल्या त्याच्या नावावर कराव्यात. यासाठी नवी पाहणीही नको. महापालिकेच्या आरोग्य सेविका वर्षानुवर्षं घरोघर फिरतात; कुठल्या खोलीत गरोदर बाई आहे, कुणाचा टीबीचा कोर्स चालू आहे, त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या वह्या आणि डॉक्टरचं टेबल एकत्र आणा.

ते होईपर्यंत, ‘आपला दवाखाना’मध्ये जात असाल तर नेहमी एकाच पाळीत जा, म्हणजे तेच डॉक्टर भेटण्याची शक्यता वाढते. सगळे कागद एकाच फायलीत तारखेप्रमाणे लावा. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळीचं पाकीट आठवणीने डॉक्टरांपुढे ठेवा.