आमवाताची आठवड्याची गोळी : नेण्याआधी हे वाचा

मेथोट्रेक्सेट ही आमवाताची (सांधे सुजून दुखण्याच्या आजाराची) गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज नाही. चिठ्ठीवर ७.५ मिलिग्रॅम असो की १५, तो डोस ठरलेल्या एकाच वारी. चार आठवड्यांच्या गोळ्या चार दिवसांत संपवून "आणखी द्या" म्हणणारे अजून येतात, म्हणून हे पत्रक.

घोळ होतो गोळ्यांच्या डब्यात. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांत ही मिसळते. सोबत दिलेली जीवनसत्त्वाची गोळी फॉलिक अ‍ॅसिडही बारीकच, त्यामुळे दोन्हींची अदलाबदल होते. मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेली की काही दिवसांत तोंड येतं, घास गिळवत नाही, ताप भरतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात. जिवावर बेततं. चुकून रोज घेतली गेली असेल तर त्रास नसला तरी त्याच दिवशी पाकीट घेऊन मोठ्या दवाखान्यात जा. फोलिनिक अ‍ॅसिडचा उतारा लवकर दिला तरच नीट लागू पडतो. घरातली फॉलिक जास्त घेऊन ते काम होत नाही.

गावच्या बाजाराचा वार धरा, विसरत नाही. चुकलीच तर दोन दिवसांच्या आत घ्या, नाहीतर तो आठवडा सोडा. पुढच्या वारी दुप्पट नको.

चिठ्ठीशिवाय आम्ही ही गोळी देत नाही, आणि एका वेळी चार आठवड्यांचीच देतो. जांबोटी-कणकुंबीसारख्या लांबच्या गावांकडून येणाऱ्यांना हेलपाटा पडतो, पण घरात जास्त गोळ्या नसणं हीच राखण. दर डोसचं वेगळं पाकीट करून त्यावर वार मराठीत आणि कन्नडमध्ये लिहितो. नातू कन्नड शाळेतला असला तरी त्याला वाचता येतं. या पाकिटांचे वेगळे पैसे घेत नाही.

हे वाचून गोळी बंद मात्र करू नका. आमवातात आयुष्य घटतं ते बहुतेक हृदयविकार, फुप्फुसांचे आजार आणि जंतुसंसर्गामुळे. अमेरिकेत विचिटा इथल्या १२४० रुग्णांच्या पाहणीत (२००२) ही गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसलं. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर नुसतं दुखणं मोजू नका. ब्लाउजचे हुक लागतात का, नळ फिरवता येतो का, भरलेला तांब्या उचलतो का, हे महिन्याला लिहून डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या वेळी येताना रक्ताचा रिपोर्ट आणा: पेशी, लिव्हर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी). सुरुवातीला ही तपासणी दर २ ते ४ आठवड्यांनी लागते. दारू टाळा. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लघवीच्या जळजळीवर कुठूनही कोट्रायमोक्सॅझोल ही अँटिबायोटिक गोळी घेऊ नका. मेथोट्रेक्सेटसोबत ती घातक आहे.