रिकाम्या पिंजऱ्याची ड्यूटी

इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी उंदीर झाले की आजी पिंजऱ्यात पोळीचा तुकडा लावायची, आणि सकाळी सापडला की म्हणायची, जा, नदीपलीकडे सोडून ये, मारू नकोस हं, गणपतीचं वाहन आहे. मी सोडून यायचो आणि चार दिवसांत परत खुडबुड सुरू, आता तोच परत यायचा की त्याचे भाऊबंद ते गणपतीलाच ठाऊक.

हे आठवलं भाच्यामुळे. तो ऑकलंडला शिकतो आणि रविवारी जंगलात सापळे तपासत फिरतो, तेही फुकट. व्हिडिओ कॉलवर माझी आई विचारते, "किती सापडले रे?" तर म्हणे, "एकही नाही आजी!" आणि वर खूश. आईला कळेना, मग गेलास कशाला?

तर गोष्ट अशी की न्यूझीलंडमध्ये माणूस पोचेपर्यंत वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा सस्तन प्राणीच नव्हता, ना उंदीर, ना मांजर, ना मुंगूस. शत्रू फक्त आकाशातले, गरुड, ससाणे, जे डोळ्यांनी शिकार शोधतात. म्हणून तिथला काकापो, उडता न येणारा पोपट, धोका दिसला की हिरव्या पाल्यात दगडासारखा गप्प बसतो. गरुडापुढे ही युक्ती एक नंबर, पण उंदीर न् स्टोट (मुंगसासारखा सडपातळ, पक्का शिकारी प्राणी) वासावरून येतात आणि काकापोच्या अंगाला तर चांगला गोडसर वास असतो, म्हणजे बसल्या जागी ताट वाढलेलं. 1995 मध्ये जेमतेम 51 काकापो उरले होते. हा स्टोट 1880 च्या दशकात मुद्दाम आणून सोडला, का तर आधी आणलेले ससे फार झाले म्हणून. एका चुकीवर दुसरी चूक, हे काय फक्त आपल्याकडेच होतं असं नाही!

म्हणून आता तिथे पक्षी वाचवायला उंदीर, स्टोट हटवायचं काम चालतं. त्यात भाच्यासारखे व्हॉलंटियर काय करतात? चित्त्यामागे धावण्यासारखं काही नाही, अगदी कंटाळवाणं काम. लांबट बोगद्यासारखा डबा, मधे शाईचा पॅड, दोन्ही बाजूंना कागद आणि आमिष म्हणून पीनट बटर (आजीची पोळी तिथे चालणार नाही). जो आत जाईल त्याचे पाय शाईत भिजतात आणि कागदावर ठसे उठतात. मग हे लोक ते कागद गोळा करून बघतात की हा उंदीर, हा सरडा, आणि हे बारीक ठिपके वेटाचे, म्हणजे तिथला एक मोठा नाकतोड्यासारखा किडा. पगारी माणसं तरी किती ठेवणार, डबे शेकड्यांनी आणि दर थोड्या दिवसांनी सगळे बघायला लागतात.

आणि कागद कोरा आला तरी सोडून चालत नाही. 2004 मध्ये ऑकलंडजवळच्या एका उंदीर नसलेल्या छोट्या बेटावर शास्त्रज्ञांनी एकच नर उंदीर, गळ्यात रेडिओ कॉलर घालून, मुद्दाम सोडला, की बघू किती दिवसांत पकडतोय. सापळे झाले, आमिष झालं, शिकवलेले कुत्रे झाले, पठ्ठ्या हाती येईना, उलट 400 मीटर समुद्र पोहून दुसऱ्या बेटावर गेला. शेवटी 18 आठवड्यांनी सापडला, तोही पेंग्विनच्या ताज्या मांसाला भुलून. कारण सोपं आहे, एकटा उंदीर, अख्खं बेट खायला, त्याला तुमच्या पीनट बटरची गरजच काय. आणि उंदरीण गाभण असली तर जेमतेम तीन आठवड्यांत पिल्लं. म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव मारणं एक वेळ जमेल, खरी डोकेदुखी तो शेवटचा. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर 2011 ते 2015 उंदरांसाठी विष टाकलं, पण बेट उंदीरमुक्त झालं असं म्हणायला 2018 उजाडलं, मधे नुसतं शोधणं.

मारण्याचा भाग आईला अजून पटत नाही, मलाही पूर्ण पटत नाही खरं सांगायचं तर, उंदराचा काय दोष, तो जहाजातून आला, आणलं माणसाने. पण पलीकडे सोडून ये म्हणायला तिथे नदीपलीकडे समुद्रच आहे, आणि त्याच्याही पलीकडे दुसरं बेट, जिथे कुणाचीतरी अंडी आहेत.

भाचा गेल्या वेळी ऑकलंडजवळच्या, उंदीर नसलेल्या टिरिटिरी माटांगी बेटावर गेला होता, जिथे 1984 पासून दहा वर्षांत लोकांनी अडीच लाखांच्या वर झाडं लावली. जायच्या आधी सॅक उलटी करून बघायची, बुटांची माती धुवायची, खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात. आईने इंदूरहून पाठवलेली लसणाची शेव त्याने स्टीलच्या डब्यात भरून नेली. पाकीट उघडं चालत नाही म्हणे, उंदीर त्यातूनच प्रवास करतात. आई म्हणाली, "मऊ नाही ना पडली?"