नोकरी फक्त जवळच्या ओळखीनेच लागते का?

ट्रेनींच्या ग्रुपवर कायम फिरणारा मेसेज: नोकरी जवळच्या ओळखीनेच लागते, ज्याचा काका मॅनेजर तोच आत. वाटणं साहजिक आहे. पण १९७३ साली छापून आलेल्या बोस्टनजवळच्या एका अभ्यासात ओळखीतून नोकरी लागलेल्यांना विचारलं की ती व्यक्ती कितीदा भेटायची, तर वरचेवर भेटणारे जेमतेम १७ टक्के, बाकीचे अधूनमधून नाहीतर क्वचितच. कारण साधं आहे, घरच्यांना जे माहीत ते आपल्यालाही आधीच कळलेलं असतं ना, लांबचा माणूस वेगळ्या ऑफिसची खबर आणतो. पडताळायचं तर बॅचमधल्या पाच-सहा जणांना विचारा, व्हेकन्सी पहिल्यांदा कोणी सांगितली आणि तो माणूस त्याआधी कधी भेटलेला. आणि सीनियरला थेट ‘सर जॉब आहे का’ नको, ‘तुमच्याकडे फ्रेशरला पहिले सहा महिने काय काम देतात’ एवढंच टाका.