अ.पा.क. आणि ओक्लाहोमाचं तेल

सातबाऱ्यावर नावाशेजारी 'अ.पा.क.' हा शेरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो. अज्ञान पालनकर्ता. जमीन पोराची, सही थोराची. अमेरिकेत अशा पोरांची आणि मेलेल्यांच्या इस्टेटीची व्यवस्था बहुतेक ठिकाणी काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, कोर्ट पाहत असे.

रीत इंग्लंडची. लंडनमध्ये नगराचा सभासद वारला की त्याच्या मुलांच्या वाट्यावर महापौर आणि आल्डरमन (नगराचे ज्येष्ठ सभासद) यांचं 'अनाथ कोर्ट' लक्ष ठेवी. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात त्या नावाचं कोर्ट आजही आहे. बाप गेला की मूल अनाथ, मग आई चुलीपाशी बसलेली का असेना. कोर्ट कारभारी नेमी, त्याच्याकडून जामीन घेई आणि शेजारपाजारची माणसं येऊन तवे, गाद्या, गुरं मोजून किमती लिहीत. अमेरिकेच्या दक्षिणेत त्याच यादीत गुलामांची नावं असत, पुढे डॉलरांत किंमत. 1850 आणि 1860च्या जनगणनेतल्या गुलामांच्या तक्त्यांत वय आणि लिंग आहे, नाव जवळपास कुठेच नाही. त्यामुळे कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांना आपला पूर्वज सापडतो तो कुणाच्या तरी मृत्यूनंतर केलेल्या अशा मोजदादीत.

सगळ्यात बोलकी दप्तरं मात्र मला ओक्लाहोमाची वाटतात. चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ, चिकासॉ आणि सेमिनोल या तिथल्या मूलनिवासी जमातींची सामाईक जमीन सरकारने माणशी वाटून टाकली, तान्ह्या मुलांनाही. 1905मध्ये ग्लेन पूलला तेल लागलं, 1907मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं आणि 27 मे 1908च्या कायद्याने या मुलांच्या जमिनी काउंटी कोर्टांच्या हाती गेल्या. पालक नेमायचा न्यायाधीशाने, आणि न्यायाधीश निवडून द्यायचा स्थानिक मतदारांनी. पुढचं सांगायला नको.

राज्याच्या धर्मादाय आयुक्त केट बर्नार्ड यांना तीन अनाथ मुलं झाडाच्या ढोलीत राहताना सापडली. त्यांच्या जमिनीचं उत्पन्न कोर्टाने नेमलेला पालक घेत होता. बर्नार्ड अशा मुलांसाठी कोर्टात उभ्या राहू लागल्या, तेव्हा विधिमंडळाने 1913मध्ये त्यांच्या खात्याचा पैसाच तोडला.

ओक्लाहोमातल्याच ओसेज या जमातीचं दुखणं आणखी वेगळं. 1906च्या कायद्याने तेलाच्या उत्पन्नात 2,229 जणांना समान हिस्सा मिळाला. पुढे पालक बसले ते धडधाकट प्रौढांवरही. निम्मं किंवा अधिक ओसेज रक्त असलं की माणूस व्यवहाराला नालायक, असा हिशेब. स्वतःच्या पैशातून खर्च करायला पालकाची परवानगी लागे.

ही चोरी लपूनछपून झालेली नाही. नेमणुकीचा हुकूम, जामीनकतबा, वार्षिक हिशेब, पालकाची फी, वकिलाची फी आणि खाली न्यायाधीशाची मंजुरी, असा सगळा कागद जागच्या जागी असे. दप्तर चाळणाऱ्याने आधी फीचा रकाना पाहावा, मुलाच्या कपड्यालत्त्याचा नंतर.

1925मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, बिगर-ओसेज माणसाला अशा ओसेजांचा तेलातला हिस्सा वारशाने मिळण्याची वाट बंद केली. त्याआधीची काही वर्षं तिथे हिश्शांसाठी खून पडत होते.