आधी ग्रुप, मग क्लिक: एअर रायफलचा स्कोप झिरो करताना

एअर रायफलच्या नळीचा मध्य आणि तिच्यावर बसवलेल्या स्कोपचा, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीचा, मध्य यांत साधारण साडेचार सेंटिमीटरचं अंतर असतं. डोळा वरच्या रेषेतून पाहतो, छर्रा खालून निघतो आणि नळीबाहेर पडल्या क्षणापासून खाली यायला लागतो. सेकंदाला 250 मीटर वेगाने निघालेला छर्रा 25 मीटरवर पोचेपर्यंत पाच-सहा सेंटिमीटर खाली आलेला असतो. नजरेची सरळ रेषा आणि छर्र्याची वाकडी वाट ठरावीक अंतरावर एका बिंदूत आणायची, यालाच झिरो करणं म्हणतात. आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या खांबासारखंच हे आहे: शून्य कुठे धरलं ते ठाऊक नसेल तर पुढच्या आकड्यांना अर्थ नाही. 25 मीटरवर झिरो केलेली अशी रायफल 10 मीटरवर एक ते दीड सेंटिमीटर खाली मारते. तो बिघाड नाही, भूमिती आहे.

0.177 इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर बोअरची, 20 ज्यूलच्या आतली रायफल परवान्याशिवाय मिळते. म्हणून ती खेळणं ठरत नाही. छर्रा अडवणारी पक्की पाठभिंत आणि डोळ्यांना चष्मा हवाच. भरलेल्या रायफलच्या स्कोपला हात लावायचा नाही.

नवशिक्यांची बहुतेक डोकेदुखी पहिल्या छर्र्याच्या आधीच सुरू झालेली असते. स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू एका बाजूने पूर्ण आवळले की स्कोपची नळी पिळली जाते. आलटून-पालटून, थोडे थोडे आवळायचे. ताकद दोन न्यूटन-मीटरच्या आतच. आवळण्याआधी स्कोप मागे-पुढे सरकवून डोळ्यापासून आठ-नऊ सेंटिमीटरवर पूर्ण चित्र दिसतं का ते पाहायचं. समोर ओळंबा टांगून स्कोपमधल्या फुलीची (क्रॉसहेअरची) उभी रेघ त्याच्याशी जुळवायची. रेघ तिरकी राहिली तर एका अंतरावर झिरो जमेल, पण अंतर बदललं की छर्रा बाजूला सरकेल.

मग भिंगं. मागचं भिंग फिरवून आधी क्रॉसहेअर ठळक करायची, कोऱ्या भिंतीकडे बघत. त्यानंतर समोरच्या रिंगवर अंतर लावायचं. रायफल न हलवता डोकं किंचित हलवलं आणि क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकताना दिसली, तर पॅरॅलॅक्स शिल्लक आहे. मोठ्या रायफलसाठीचे बरेच स्कोप 100 यार्डांवर पक्के केलेले असतात. 10 मीटरवर त्यांत चित्र धूसर दिसतं. तो दोष स्कोपच्या नॉबच्या क्लिकने, म्हणजे खटक्याने, जात नाही.

आता नेम. सुरुवात 10 मीटरवरून करायची, म्हणजे पहिला छर्रा निदान कागदावर तरी लागतो. कागदावर आलं की 25 मीटर. एकाच ठिकाणी नेम धरून पाच छर्रे मारायचे आणि मधे नॉबला हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. या पाच छिद्रांचा पुंजका म्हणजे ग्रुप. एकटा छर्रा तुमचा श्वास, ट्रिगरचा झटका आणि स्वतःचा कमीजास्त आकार असं सगळं घेऊन जातो. पाचांच्या मध्यबिंदूत ही चूक एकट्या छर्र्याच्या निम्म्याहूनही कमी उरते. दर छर्र्यामागे क्लिक फिरवणारा माणूस स्वतःच्याच थरथरीचा पाठलाग करत असतो.

बहुतेक स्कोपवर एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). तो 100 मीटरवर सुमारे 7.3 मिलिमीटर, 25 मीटरवर 1.8 आणि 10 मीटरवर जेमतेम 0.7 मिलिमीटर होतो. समजा 25 मीटरवर ग्रुपचा मध्य 36 मिलिमीटर खाली आणि 18 मिलिमीटर डावीकडे पडला. तर 20 क्लिक वर, 10 क्लिक उजवीकडे. नॉबवरचा बाण छर्रा कुठे जाईल ते दाखवतो, क्रॉसहेअर कुठे जाईल ते नाही. गल्लत होते ती नेमकी इथे. क्लिक फिरवल्यावर पुन्हा पाच छर्रे. स्वस्त स्कोपमध्ये आतली स्प्रिंग लगेच बसत नाही, म्हणून या पाचांआधी मारलेले दोन-तीन छर्रे हिशेबात धरू नयेत.

ग्रुपच पसरट असेल तर क्लिक निरुपयोगी. स्प्रिंगच्या रायफलमध्ये छर्रा नळीत असतानाच पिस्टनचा धक्का बसून रायफल हलते. ती घट्ट धरली किंवा टणक विटेवर टेकवली की प्रत्येक वेळी वेगळी उसळते. मऊ उशीवर, सैल हाताने, दर वेळी त्याच जागी टेकवायची. हाच धक्का स्कोपला मागे ढकलतो. स्कोप धरणाऱ्या माउंटला अडवणारी पिन नसेल तर झिरो हळूहळू घसरतो. कंपनी बदललेला छर्राही वेगळ्या जागी लागतो, त्यामुळे झिरो नेहमी एकाच डबीतल्या छर्र्यांवर.

ऑलिंपिकच्या 10 मीटर एअर रायफलमध्ये भिंगाचा स्कोप चालत नाही, तिथे डायऑप्टर, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायचं साधन, असतो. ग्रुप आणि क्लिकचा हिशेब मात्र हाच.

नागपूरचं ऊन या हिशेबात स्वतःचा वाटा घेतं. 45 अंशांची हवा 10 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 11 टक्के विरळ असते, त्यामुळे छर्र्याचा वेग कमी घटतो. हवा भरलेल्या पीसीपी रायफलमध्ये 25 अंशांना 200 बार असलेला दाब 45 अंशांना 213 च्या आसपास जातो. दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नसेल तर वेगही बदलतो. नवतपाच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरच्या झळांनी लक्ष्य नुसतं पोहत असतं. झिरो सकाळी सातच्या आत, सावलीत करावा. अंतर, छर्रा, तापमान आणि नॉबवरचे आकडे वहीत टिपून ठेवावेत, आणि डिसेंबरात त्याच डबीतले पाच छर्रे मारून ते आकडे पुन्हा ताडून पाहावेत.